जोडीचा पीळ

आधी जोडवी काढा, म्हणाली देवयानी मॅडम,
धातू चालत नाही आत.
तेहतीस वर्षं बोटांत रुतलेली.
बेसिनपाशी साबण लावून मीच काढली,
शालन भिंतीला धरून उभी, एका पायावर.
मंगळसूत्र, कुड्या, अंबाड्यातले आकडे,
सगळं माझ्या रुमालात.

"आत कुणी बोलेल का?"
"मशीन बोलेल, खूप मोठ्यानं.
तुम्ही फक्त समोरच्या खुणेकडे बघायचं.
काहीही करायचं नाही. आठ मिनिटं."

काहीही करायचं नाही:
असं शालनला आयुष्यात कुणी पहिल्यांदाच सांगत होतं.

कर्वे रस्त्यामागची गल्ली, बाकडं, मी.
टेलिफोन खात्यात जॉइंटर होतो. चौतीस वर्षं
पुण्याच्या पोटात हात घालून बसलो,
लकडी पुलापासून पार पद्मावतीपर्यंत.
शिशाच्या नळीत कागद गुंडाळलेल्या तारा,
चेंबरमध्ये कमरेएवढं पाणी,
वर लाल झेंडी, आणि झेंडीवरून जाणाऱ्या स्कूटरी.
प्रत्येक जोडीला पीळ असतो.
शेजारच्या जोडीचं बोलणं आपल्यात येऊ नये म्हणून.
पीळ सुटला की नारायण पेठेतलं लग्न ठरताना
कसब्यातल्या मयताच्या फोनवर ऐकू यायचं.

अठ्ठ्याऐंशी साली शालन म्हणाली,
दोन माणसं माझ्याबद्दल बोलतात.
ती आता कणीक मळतेय. आता तिनं नळ बंद केला.
मला जे येत होतं तेच मी केलं:
क्वार्टरमधला खात्याचा फोन उघडला,
रोझेट बदललं,
खांबापासून नवी वायर ओढली. एकदा नाही, तीनदा.
रिसीव्हर तिच्या कानाला लावला. ऐक, स्वच्छ टोन.
"फोनमध्ये नाहीत हो ते,"
म्हणाली, आणि कणकेकडे वळली,
जणू आजारी मीच
आणि मला समजावून ती दमली होती.

देवयानी मॅडमनं पडद्यावर नकाशा दाखवला.
हिचा नव्हे, नमुन्याचा. ठिपके, ठिपक्यांतून रेघा.
माणूस स्वस्थ पडला तरी मेंदू स्वस्थ नसतो, म्हणाली.
दूरदूरचे भाग एकदम चढतात, एकदम उतरतात,
त्यालाच आम्ही म्हणतो, ते बोलतायत.
या आजारात कुठं ही संगत कमी पडते,
कुठं नको तितकी होते.

मी विचारलं, फॉल्ट किती मीटरवर?
आमचं यंत्र सांगायचं, दोनशे चाळीस,
आणि तिथं खणलं की सापडायचंच काहीतरी,
उंदीर, कुदळीचा घाव, मुरलेलं पाणी.
ती हसली नाही. बरं वाटलं.
"तसं ठिकाण नाही, काका. तार तुटलेली नसते.
शेकडो जणांची सरासरी काढली की फरक दिसतो.
एकट्या माणसाच्या चित्रावर बोट ठेवून
मला काही सांगता येणार नाही."

म्हणजे खणायचं कुठंच नाही.
काचेपलीकडे ठोके सुरू झाले,
रस्ता फोडायच्या यंत्रासारखे. मी रुमाल घट्ट धरला.
सरासरीत शालन किती?
शेकड्यातली एक. किंवा एकाहून कमी.

बाहेर आली तेव्हा कपाळावर पट्ट्याची खूण.
"गप्प होते का ते दोघं?"
"मशीनच एवढं ओरडत होतं,
त्यांनाच कळेना काय बोलावं."
मग चप्पल शोधता शोधता,
"खूण म्हणजे अधिकाचं चिन्ह होतं हो.
पण दोन्ही बाजूंना आकडेच नव्हते.
मी वाट बघत राहिले, कुणी मांडेल म्हणून."

बसथांब्यावर गुडघा टेकून
मी एक जोडवं चढवलं.
दुसरं जाईना, पाय सुजला होता.
"राहू दे," शालन म्हणाली, "ठेवा तुमच्याकडे."
कात्रजची बस आली. तिला खिडकी मिळाली.
मी मागे उभा, खिशातल्या चांदीच्या तारेवर
अंगठा फिरवत,
सवयीनं, पीळ कुठं सुटलाय ते चाचपत.